शिक्षण कराची ओळ आणि शाळेचं कॅशबुक: ठाणे जिल्ह्यातल्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
ठाणे जिल्ह्यातील 18 विधानसभा मतदारसंघांचे सन्माननीय सदस्य,
कोकण विभाग शिक्षक व पदवीधर मतदारसंघांचे सन्माननीय विधान परिषद सदस्य,
तसेच विधिमंडळाच्या लोकलेखा, अंदाज आणि पंचायत राज समित्यांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात माझ्या घरी एकाच संध्याकाळी दोन कागद शेजारीशेजारी आले. एक घरपट्टीचं बिल. त्यात राज्य शासनाच्या शिक्षण कराची एक ओळ असते. दुसरा वहीतून फाडलेला कागद, माझ्याच अक्षरातला. शाळेची पाण्याची मोटार जळली, तिच्यासाठी कोणत्या पालकाने किती दिले त्याची यादी. कुणी पन्नास, कुणी शंभर, एका रिक्षावाल्या दादांनी दोनशे. एका ताईंच्या नावापुढे मी ‘पगार झाल्यावर’ असं लिहिलंय, कारण त्यांनीच तसं लिहायला सांगितलं. त्या तीन घरची धुणीभांडी करतात.

शिक्षण कर 1962 च्या कायद्याने लागतो. महापालिका तो वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. म्हणजे शिक्षणासाठी म्हणून आम्ही एकदा पैसे दिलेले असतात. मग मोटारीसाठी ही दुसरी वर्गणी का काढावी लागते, हा प्रश्न मला त्या संध्याकाळी पडला आणि तो विचारायची जागा तुमचं सभागृह आहे, म्हणून हे पत्र.

मी लोकमान्यनगरला राहते. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहिते. माझी दोन्ही मुलं सरकारी शाळेत शिकतात आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या आमच्या मुख्याध्यापक बाईंना खुलासा द्यावा लागेल, आणि त्या बाईंचा यात काडीचाही दोष नाही.

समितीवर घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, झेंडावंदनाला उभं राहायचं आणि प्रोसिडिंगवर सह्या करायच्या. शिक्षण हक्क कायदा वाचला तेव्हा कळलं की काम मोठं आहे. समितीत 75 टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि शाळेला आलेल्या अनुदानाचा वापर नीट होतोय का हे पाहणं समितीचंच काम. हिशेब हा माझा धंदा. मी कॅशबुक मागितलं, बाईंनी आनंदाने दिलं.

आमच्या शाळेचा पट 240. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाला जे संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर ठरतं. 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000, हजारापर्यंत 75,000, त्यापुढे एक लाख. म्हणजे आम्हाला 50,000. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्या पंचेचाळीस हजारांत खडू, हजेरीपट, नळाची दुरुस्ती, टाकीची सफाई, पंखे, ट्यूबलाइट, इंटरनेटचं रिचार्ज, रंगसफेदी. मी पूर्ण 50,000 ला पटाने भागून पाहिलं. मुलामागे वर्षाला 208 रुपये. सहावी ते आठवीचे कायद्यातले किमान 220 दिवस धरले तर मुलामागे दिवसाला 95 पैसे. या टप्प्याचा आकडा 2018 मध्ये ठरला. तेव्हा 50,000 होता, अजून 50,000 आहे. मधल्या काळात माझ्या कारखान्यात साध्या प्लंबरची मजुरी किती वाढली ते मी रोज व्हाउचरवर लिहिते.

आता हे पैसे येतात कसे, तेही पाहा. शाळेच्या खात्यात रक्कम पडून राहत नाही, खर्चाची मर्यादा येते. शाळेत तिला ‘लिमिट आली’ म्हणतात. एका वर्षी ती फेब्रुवारी सरताना आली, आणि निम्मीच आली. मग तीन कोटेशनं, समितीचा ठराव, बिलं, व्हाउचर, ऑनलाइन नोंद, सगळं 31 मार्चच्या आत. एका दुकानदाराचं बिल नोंदवताना सर्व्हर बंद पडला आणि काही हजार रुपये परत गेले. वरून पाहणाऱ्याला ते ‘अखर्चित’ दिसतात. अखर्चित म्हणजे गरज नव्हती, असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात त्या जूनमध्ये सहावीच्या वर्गात भिंतीवरून पाणी उतरत होतं आणि मुलं दप्तरं मांडीवर घेऊन बसली होती. पैशाची गरज जूनमध्ये होती, पैसे फेब्रुवारी सरताना आले आणि पुरते खर्च व्हायच्या आत मुदत संपली. हिशेबात हे तिन्ही खरं असतं, पण तुमच्यापर्यंत त्यातलं फक्त शेवटचं पोहोचतं.

तुमच्यापुढे काय पोहोचतं हे मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. राज्याच्या अर्थसंकल्पात शालेय शिक्षणाचा मोठा खर्च मागणी क्रमांक ई-2 मध्ये, मुख्य लेखाशीर्ष 2202 खाली येतो. मी ती पानं वाचली. ताळेबंद वाचायची सवय असूनही दमछाक झाली. त्यात राज्याचा आकडा आहे, योजनांचे आकडे आहेत, अर्थसंकल्पीय अंदाज आहे, सुधारित अंदाज आहे. त्यात शहापूर नाही, दिवा नाही, दिघा नाही. एकही शाळा नाही. सगळ्यात मोठा हिस्सा पगाराचा, आणि तो तसाच असायला हवा. पगाराशिवाय शाळा नाही, आणि शिक्षक कमी करून पैसा वाचवा असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण पगार वजा केल्यावर शाळेच्या चार भिंतींच्या आत किती पोहोचतं, हे त्या पानांवरून कुणालाच सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही. आणि जे दिसत नाही त्यावर देखरेख कशी ठेवणार?

माझी मुख्य मागणी इथेच आहे. राज्यातल्या प्रत्येक शाळेला 11 अंकी युडायस क्रमांक आहे, 27 ने सुरू होणारा. त्या क्रमांकावर आमच्या शाळेची संडासं मोजली जातात, नळ मोजले जातात, रॅम्प आहे का, किती संगणक चालू आहेत, सगळं दरवर्षी भरून घेतलं जातं. बाई रात्री घरी बसून ते भरतात. मग त्याच क्रमांकापुढे त्या वर्षी किती रुपये मंजूर झाले, किती मिळाले आणि कोणत्या तारखेला मिळाले, हे तीन रकाने का नाहीत? शाळेकडून माहिती वर जाते. शाळेविषयी पैशाची माहिती वरून खाली का येत नाही? अर्थसंकल्पाबरोबर जिल्हावार आणि शाळावार असं एक परिशिष्ट सभागृहाच्या पटलावर ठेवा म्हणून सरकारला भाग पाडा. ‘कोणत्या तारखेला’ हा रकाना मात्र गाळू देऊ नका. अर्धा आजार तारखेत आहे.

बाकीचा अर्धा वाटपात आहे. त्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण माझं माहेर शहापूर तालुक्यातलं आहे.

भातसाचं पाणी ठाण्याच्या नळाला येतं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात, हे तुम्ही सगळे जाणता. शाळांचंही तसंच झालंय. माझ्या भावाची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. पाच वर्ग, दोन शिक्षक, पट तिशीच्या आत. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे. म्हणजे कागदावर ही शाळा परिपूर्ण आहे. पण पाच इयत्तांची पुस्तकं वेगळी, मुलांची वयं वेगळी. एक गुरुजी केंद्रावर बैठकीला गेले की दुसऱ्यांसमोर पाचही वर्ग. निवडणुका, जनगणना ही कामं कायद्यानेच शिक्षकांना लागतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, त्यांच्याबरोबर मुलं जातात, पट आणखी खाली येतो, आणि पट खाली आला की अनुदानही खाली. 30 मुलं असली तर 10,000 रुपये, 31 असली तर 25,000. छप्पर तेवढंच, विजेचं मीटर तेच, टाकी तीच. एका मुलाने पंधरा हजारांचा फरक पडतो. ज्या शाळेला सगळ्यात जास्त आधार हवा तिच्या वाट्याला सगळ्यात कमी येतं, आणि मग ‘पट कमी, खर्च परवडत नाही’ म्हणत तिच्याकडेच बोट दाखवतात. सप्टेंबर 2023 मध्ये समूह शाळांचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा, विषय निघाला तेव्हा 20 पेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळांचा आकडा पुढे आला होता. माझ्या भाचीची शाळा उद्या त्या यादीत जाईल या भीतीने माझी वहिनी आजही शेजारणींना सांगते, ‘बाई, पोरीला घरी बसवू नकोस, पट राहू दे.’

दुसऱ्या टोकाला नवी मुंबई. माझी धाकटी बहीण घणसोलीला असते. तिथे महापालिकेने सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या आणि तिथे नाव लागावं म्हणून पालक धडपडतात. मला त्याचा आनंद आहे. पालिकेच्या शाळेसाठी आईबाप धडपडतात, हे दृश्य मला महाराष्ट्रभर बघायचंय. पण ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांची अंदाजपत्रकं आज पाच हजार कोटींच्या पुढे आहेत. भिवंडीची ऐपत तेवढी नाही, आणि तिथे यंत्रमाग कामगारांची मुलं अनेक भाषांच्या माध्यमांत शिकतात. शहापूर, मुरबाडच्या जिल्हा परिषद शाळांना तर वरून येईल त्यावरच भागवायचं. एकाच जिल्ह्यात सहा महापालिका, दोन नगरपालिका, दोन नगरपंचायती आणि जिल्हा परिषद. मूल कोणाच्या हद्दीत जन्मलं त्यावर त्याच्या शाळेचा पैसा ठरतो. हद्द मुलाने आखलेली नाही. ही तूट भरून काढण्याचं काम राज्याचं, आणि राज्य ते करतंय का हे बघण्याचं तुमचं.

सप्टेंबर 2023 मध्येच आणखी एक शासन निर्णय आला, दत्तक शाळेचा. कंपन्यांनी, दानशूरांनी शाळा दत्तक घ्याव्यात. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने आणि कार्यालयं आहेत, कुणी मनापासून मदत करत असेल तर मी हात जोडते. पण देणगीदार शाळा निवडतो ती रस्त्यालगतची, जिथे गाडी जाते, जिथे उद्घाटन होतं. आमच्या पाड्यावर पावसाळ्यात चिखलातून दोन किलोमीटर चालावं लागतं, तिथे कोण येणार? सरकारने कर घेऊन जे करायचं ते देणगीवर सोडलं तर समानता उरत नाही.

मधल्या काळात देखरेखीची एक पायरीच नाहीशी झाली होती, तेही लिहायला हवं. नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकांचं सभागृह नव्हतं. अंदाजपत्रक प्रशासकांनी मांडलं आणि प्रशासकांनीच मंजूर केलं. महापालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकांनी ज्या स्थायी समितीकडे अहवाल द्यायचा, तिचे अधिकारही प्रशासकांकडेच. मी अधिकाऱ्यांच्या हेतूवर शंका घेत नाही. मी हिशेबनीस आहे, आणि ज्याने खर्च केला त्यानेच तपासलं तर त्याला तपासणी म्हणत नाहीत, एवढं मला ठाऊक आहे. त्या वर्षांत या मुलांच्या वतीने प्रश्न विचारू शकतील असे निवडून आलेले लोक राज्यात एकाच ठिकाणी होते, विधिमंडळात. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी निदान पंचायत राज समिती दौऱ्यावर येते. ती येणार म्हटलं की रजिस्टरं पूर्ण होतात, हे मी माहेरी पाहिलंय. महापालिका शाळांसाठी अशी समिती मी तरी कधी आलेली पाहिली नाही.

काही निर्णयांत तर पैसा मागाहून शोधला जातो. अंशतः अनुदानित शाळांना अनुदानाचा पुढचा टप्पा द्यायचा निर्णय ऑक्टोबर 2024 मध्ये झाला. तरतूद झाली नाही. जुलै 2025 मध्ये पावसात हजारो शिक्षक आझाद मैदानावर येऊन बसले, अधिवेशन चालू होतं. त्यांच्यात आमच्या गल्लीतले एक सर होते, जे वर्षानुवर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवताहेत. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर शाळांत सीसीटीव्ही बसवायचे आदेश निघाले. कॅमेरे हवेतच, मुलींची आई म्हणून सांगते. पण कॅमेरा, त्याची वायर, त्याची साठवण, त्याची वर्षाची दुरुस्ती, हे आमच्या पंचेचाळीस हजारांतून होणार नाही. गणवेशाचं तर सगळ्यांसमोर घडलं. दोन गणवेशांचे 600 रुपये समितीकडे यायचे, आम्ही शिवून घ्यायचो. 2024-25 मध्ये राज्यभरासाठी एकाच ठिकाणाहून खरेदीचा घाट घातला, अनेक शाळांत मुलं महिनोन्‌महिने जुन्या कपड्यांत आली, आणि पुढच्या वर्षी काम पुन्हा समित्यांकडे आलं. हा निर्णय होण्याआधी सभागृहातल्या कुणी एका व्यवस्थापन समितीला बोलावून विचारलं असतं, तर कुणीही आईने सांगितलं असतं की पहिलीतल्या मुलांचं माप एकसारखं नसतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 38 प्रमाणे राज्याने केलेला प्रत्येक नियम विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. फेब्रुवारी 2024 मध्ये खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के प्रवेशांच्या नियमात बदल झाला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्या जागांतून सूट. गरीब मुलांच्या हक्काला हात लागला. तो नियम तपासायची पहिली जागा तुमचं सभागृह होतं. शेवटी तो जुलै 2024 मध्ये रद्द केला उच्च न्यायालयाने, पालकांनी दाद मागितल्यावर. दरम्यान ज्यांच्या मुलांचे प्रवेश अडकले होते त्या आया माझ्याबरोबर एकाच बसने कामाला जायच्या. त्यांना वकील, याचिका यातलं काहीच कळत नव्हतं. त्या फक्त विचारायच्या, ‘ताई, काही लागलं का?’

सन्माननीय सदस्यांनो, हे काम नवीन नाही. 12 मार्च 1927 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कौन्सिलात येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. त्यांनी सरकारचेच आकडे काढले. शिक्षणावर सरकार दरडोई चौदा आणे खर्च करतं आणि अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून जास्त वसूल करतं, तेव्हा अबकारीतून जेवढं घेता तेवढं तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांनी मागितलं. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात, हेही त्यांनी तिथेच दाखवून दिलं. मला त्यात सगळ्यात भिडतं ते हे की त्यांनी आधी हिशेब वाचला होता. घेतलेला रुपया आणि दिलेला आणा समोरासमोर ठेवले होते. 2027 च्या मार्चमध्ये त्या भाषणाला शंभर वर्षं होतील. जयंतीला हार घालायला आपण सगळेच जातो. त्या मार्चमध्ये सभागृहात ई-2 ची मागणी वेळ संपला म्हणून चर्चेविना मंजूर होऊ देऊ नका, पूर्ण दिवस घ्या.

कोठारी आयोगाने 1966 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असं सांगितलं, 2020 च्या धोरणाने तेच पुन्हा लिहिलं. त्या मोठ्या आकड्यावर तुम्ही बोलाल तेव्हा मी ऐकेनच. पण लोकलेखा समितीने एकदा ठाण्यात किंवा बेलापूरला बसून साक्षी घ्याव्यात, आणि सचिवांच्या शेजारी शहापूरचे एक गुरुजी, दिव्याची एक मुख्याध्यापिका आणि भिवंडीची एक आई यांनाही खुर्ची द्यावी, ही माझी त्याहून जवळची विनंती आहे. शिवाय शाळेवर नवं काम टाकणारा शासन निर्णय निघेल तेव्हा त्यात लेखाशीर्ष आणि रक्कम आहे का, एवढं तुमच्यापैकी एकाने जरी प्रत्येक वेळी तारांकित प्रश्नात विचारलं तरी मंत्रालयातून निघणारे कागद वेगळे दिसायला लागतील.

पाण्याच्या मोटारीचे पैसे जमले. सोमवारी ती बसली. धुणीभांडी करणाऱ्या त्या ताई पगार झाल्यावर शंभर रुपये घेऊन आल्या. मी म्हटलं, आता राहू द्या, भागलंय. त्या म्हणाल्या, ‘माझी पोरं पण तेच पाणी पितात.’ मी ते शंभर रुपये घेतले, पावती दिली आणि नोंद केली.

आमच्या समितीची बैठक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी दोन वाजता असते. शाळेचं नाव मी तुमच्यापैकी जे विचारतील त्यांना प्रत्यक्ष सांगेन. येताना 2202 ची पानं घेऊन या. कॅशबुक, व्हाउचर फाइल आणि त्या वर्गणीची यादी मी टेबलावर काढून ठेवते.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक पालक सदस्य
लोकमान्यनगर, ठाणे